खाटकाचा दात

३ जून

मामा,

पोचले. सामान पोचलं, मी पोचले, फक्त तू कोरून दिलेला लाकडी खंड्या वाटेत चोच मोडून पोचला. आता तो कुठला पक्षी हे कोणालाही सांगता येणार नाही. चोच गेली की पक्षी गेला, हे तुझं म्हणणं त्यानं स्वतःवर खरं करून दाखवलं.

कामाची जागा संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर आहे. अठरा कपाटं, प्रत्येकात बारा खण, आणि खणाखणात पक्षी उताणे पडलेले. आत कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी. डोळ्यांच्या जागीही कापूसच आहे. खण ओढला की पन्नास पांढरे डोळे छताकडे बघत असतात. पहिल्या दिवशी मी तीन खण उघडून लगेच लावले. खिडक्या उघडायच्या नाहीत, किडे येतात म्हणे.

आमचे विभागप्रमुख इतके उंच आणि इतके गप्प आहेत की मी त्यांचं नाव करकोचा ठेवलंय. काम असं: प्रत्येक पक्ष्याचं नवं कार्ड लिहायचं, आपल्या भाषेत. जुन्या कार्डांवर चोचीच्या रकान्यात चारच शब्द आहेत: लांब, आखूड, सरळ, वाकडी. करकोचे म्हणाले, "आपल्याकडे याहून बरे शब्द नसतील तर तसं सांगा, मी रकानाच काढून टाकतो." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आहेत. माझ्या मामाकडे आहेत." तर आता माझी लाज तुझ्या हातात आहे. सहा महिन्यांनी ते मला कायम करायचं की नाही ते ठरवणार.

खोली मिळालीय. खाली घरमालकीण आणि तिचा पिंजऱ्यातला पोपट, वर मी. दोन वेळचं जेवण तिच्याकडेच. तिचं नाक बघशील तर तुझा हात छिन्नीकडे जाईल. तिचं नाव घारबाई.

पाय कसा आहे? शिडीकडे बघू पण नकोस.

तुझी टिटवी


९ जून

टिटवे,

मांडीचं हाड मोडून, कमरेपर्यंत प्लास्टर चढवून पडलेल्या माणसाला शिडीपासून लांब राहा असं सांगणं म्हणजे तुझीच अक्कल. मी कुठे जातोय? डॉक्टर म्हणतात ऑक्टोबर उजाडेल. तोवर छताकडे बघत पडून राहायचं, तुझ्या उताण्या पक्ष्यांसारखं.

तुझ्या करकोच्याला सांग, रकाना काढू नका, मोठा करा. चाळीस वर्षं शाळांसाठी लाकडी पक्षी कोरले मी. चोच चुकली तर पोरं बगळ्याला बदक म्हणायची. त्यामुळे प्रत्येक चोचीला मी माझ्या हत्यारांच्या पेटीतलं नाहीतर स्वयंपाकघरातलं नाव दिलं. लिहून घे. बगळ्याची भाला. सुतार पक्ष्याची छिन्नी. पाणलाव्याची दाभण, चिखलात खुपसायला. बिया फोडणाऱ्यांची अडकित्ता. रोहित पक्ष्याची गाळणी. बदकाची कडेनं कंगवा. कोयत्यासारखी खाली वळलेली ती कोयती, आणि पोपटाची आकडी. माशा मारणारे छोटे पक्षी असतात त्यांची चिमटा. दुसरी यादी पुढे कधीतरी, एकदम सगळं दिलं तर तुला अजीर्ण होईल.

पण नुसत्या डोळ्यावर विसंबू नकोस. अंगणात पडलेला पक्षी सापडला की आपण काय करायचो, आठवतं ना? चोचीची कड खालच्या ओठाला लावून हळूच फिरवायची. खाटीक पक्ष्याच्या वरच्या चोचीला टोकाच्या जरा मागे एक बारीक दात असतो. डोळ्याला तो असून नसल्यासारखा, ओठाला मात्र लगेच लागतो. तू पाच वर्षांची असताना तो तुला पहिल्यांदा लागला तेव्हा "मामा, हा चावतो!" म्हणून तू सगळं घर डोक्यावर घेतलंस. तेव्हापासून तू टिटवी.

घारबाईला नीट वाग. जेवण देणाऱ्या माणसाच्या नाकाला नावं ठेवू नयेत.

मामा


२८ जून

मामा,

तुझी यादी करकोच्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "हं." त्यांच्या मानानं हे मोठं भाषण होतं.

आणि ओठाची युक्ती! मी तिसऱ्या कपाटावर आहे, दिवसाला तीस-चाळीस चोची होतात. एका बदकाच्या चोचीला जुन्या कार्डावर नुसतं "सरळ" लिहिलं होतं, मी कड ओठाला लावली तर चक्क करवत. मी "करवती" लिहिलं, करकोच्यांनी भिंग लावून पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं बघितलं. त्यांनी "कसं ओळखलंत?" असं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे आपलं गुपित. ओठाला पांढरी पूड लागते, जुन्या पिठासारखी. रुमालानं पुसते. कपाटाच्या दाराला आतून एक जुनी चिठ्ठी चिकटवलेली आहे, वाळवीनं खाल्लेली, "हात" एवढाच शब्द उरलाय. बहुतेक "हात लावू नये" असणार. हात न लावता काम कसं करायचं ते वाळवीला विचारायला हवं.

घरचं मात्र मला आवडत नाही. मी जेवायला बसले की घारबाई दारात उभी राहते. पहिला घास तोंडात जाईपर्यंत हलत नाही. मग विचारते, "कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "छान झालंय."

"चव नाही विचारली. तुला कसं वाटतंय?"

माझ्या आधी संग्रहालयातलाच एक माणूस याच खोलीत राहायचा. पक्ष्यांच्या पायाला चिठ्ठ्या बांधायचं काम त्याचं. त्याची पत्र्याची पेटी अजून माझ्या पलंगाखाली आहे. मी विचारलं, ते कुठे गेले? ती म्हणाली, "गेले." आणि आत निघून गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आलीच नाही.

पोट जरा बिघडलंय. तोंडात सारखी नाणं चोखल्यासारखी चव असते. नवं पाणी असेल.

टिटवी


५ जुलै

टिटवे,

करवतीबद्दल शाबास. प्लास्टरमधून उडी मारता आली असती तर मारली असती.

घारबाईचं म्हणशील तर एकट्या बाईला कोणीतरी जेवताना बघायला आवडत असेल. तुझी आजी माझ्या पुढ्यात अशीच बसायची, तिसरी पोळी नको म्हटलं की रुसायची. आणि पत्र्याची पेटी कुणी विसरून गेला म्हणून तू त्यात भुताखेतांच्या गोष्टी भरू नकोस. पाणी उकळून पी.

पुढच्या कपाटात ससाणे असतील तर त्यांचाही दात ओठाला लावून बघ आणि खाटकाचा कसा वेगळा ते मला लिही. पाणचिरा मिळाला तर त्याची खालची चोच वरच्यापेक्षा किती लांब ते मोजून कळव. त्याला मी "कात्री" म्हणायचो, पण एक पातं आखूड असलेल्या कात्रीला काय म्हणायचं ते मला कधी सुचलं नाही.

मामा


३० जुलै

मामा,

हसू नकोस. आधी सगळं वाच.

उलट्या थांबत नाहीत. पायाची बोटं झिणझिणतात, ती आता घोट्यापर्यंत. केस विंचरले की फणीत पुंजका येतो. इथल्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं, त्यानं काही झालं नाही. रविवारी दिवसभर खोलीत पडून होते, तेव्हा उठून पलंगाखालची पेटी उघडली. कुलूप नव्हतं. आत दोन सदरे, दोऱ्याची रिळं, आणि एक वही. वहीत पक्ष्यांचे क्रमांक आहेत आणि मधूनमधून दुसऱ्याच गोष्टी. "आजही उलटी. बाईंचं दूध प्यायल्यावर." पुढे दहा पानांनी, "पाय बधिर." पुढे, "बाई दारात उभ्या राहून बघतात." नंतरची पानं कोरी आहेत.

मामा, त्याला झालं तेच मला होतंय. तेच जेवण, तीच खोली, तीच बाई दारात.

मी एक करून पाहिलं. बुधवारी तिची पाठ वळल्यावर अर्धं ताट पोपटाला घातलं. त्यानं सगळं खाल्लं, माझ्या बोटालाही आकडी लावून पाहिली. चार दिवस झाले, तो मजेत आहे, उलट जास्तच बडबडतोय. पण तूच सांगायचास ना की माणसाला मारतील अशा कडू बिया पोपट सहज पचवतो? मग त्याच्यावरून काय कळणार?

पत्रं आता संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठव. इथे ती आधी हातात घेऊन उलटसुलट करून बघते. मला घरी ये म्हणू नकोस. चार महिने राहिलेत कायम होण्याला. पण मला भीती वाटते, मामा. जिन्यावर तिची चप्पल वाजली की मी दिवा मालवून पडून राहते.

टिटवी


४ ऑगस्ट

टिटवे,

मी हसलो नाही. पत्र वाचून हातातली पेन्सिल खाली पडली आणि ती उचलायला मला वाकता येत नाही.

ऐक. त्या बाईच्या घरचं अन्न, दूध, चहा, पाणी, काहीही तोंडात घालायचं नाही. तिला काही बोलू नकोस, संशय आला असं दाखवू नकोस. बाहेरून पाव आण, फळं आण, आणि संग्रहालयातच बसून खा, तुझ्या टेबलापाशी. सकाळी दार उघडताच जा, बंद होईपर्यंत तिथेच थांब, सुट्टीच्या दिवशी रखवालदाराला सांगून जाऊन बस. फक्त झोपायला परत जायचं आणि आतून कडी लावायची. दुसरी खोली बघायला लाग. त्या कपाटांच्या खोलीत तुला कोणी काही करू शकत नाही. तिथे तू सुरक्षित आहेस.

डॉक्टर बदल. नव्या डॉक्टरला वहीचं सांग.

कामात मन घाल. भीती वाटली की एक चोच हातात घे आणि तिचा शब्द शोध. मीही इथे तेच करतोय.

मला प्लास्टरसकट उचलून कोणी तुझ्याकडे आणून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मामा


२५ ऑगस्ट

मामा,

अक्षर नीट लागत नसेल तर माफ कर. पेन बोटांत आहे की नाही ते बघावं लागतं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. तीन आठवडे त्या घरात पाण्याचा थेंब प्यायले नाही. सकाळी आठला येते, संध्याकाळी रखवालदार किल्ल्या वाजवतो तेव्हा उठते. पाव, केळी, सगळं इथेच, टेबलावर, पक्षी बाजूला सरकवून. चोची रोज साठच्या वर होतात आता, दुसरं करण्यासारखं काही नसतं. दुसरे डॉक्टर रक्त कमी आहे म्हणाले. करकोच्यांना सांगितलं, ते म्हणाले, "खोली बदला." मी म्हटलं बघतेय. पण जिने चढून खोल्या बघायला पाय हवेत ना. मोजे घातलेत असं वाटतं, घातलेले नसतानाही.

मग विष येतंय कुठून? मी काही खात नाही तरी वाढतंयच. माझ्या उशीत आहे का? रोज सकाळी उशी हुंगते. नखांवर पांढरे आडवे पट्टे आलेत, दहाही बोटांवर, पट्टीनं आखल्यासारखे एका रेषेत.

काल जिन्यात तिनं वाट अडवली. "माझ्याकडे जेवत का नाहीस? खरं सांग, माझ्या अन्नानं तुला काही होतं का?" आणि रडायला लागली. मामा, मी तिला ढकलून वर पळाले. पळाले म्हणजे भिंत धरून चढले.

आज खाटीक आला हातात. मी आनंदानं ओठाला लावला. काही लागलं नाही. पुन्हा लावला, दाबून. तिसऱ्यांदा लावला. मग भिंगातून पाहिलं. दात आहे, मामा. दात आहे आणि मला लागत नाही.

टिटवी


३० ऑगस्ट

बाई,

मी तुमच्या वरच्या खोलीतल्या मुलीचा मामा. दुपारीच तुमच्या नावानं तार केली आहे, "मुलीला संग्रहालयातून बाहेर काढा, दवाखान्यात न्या, सोमल सांगा, पत्र मागून." संग्रहालयालाही केली असती, पण तिथल्या माणसानं तिला "खोली बदला" एवढंच सांगितलं. मला तुमच्याशिवाय कोणाचा भरवसा वाटला नाही. हे मी लिहितोय याची मला लाज वाटते, का ते पुढे कळेल.

सकाळी तिचं पत्र आलं. नखांवरचे पांढरे पट्टे मी वाचले आणि मला एक माणूस आठवला. तो मेलेले पक्षी पेंढा भरून उभे करायचा, मी त्याला लाकडी फांद्या कोरून द्यायचो. त्याच्या नखांवर असेच पट्टे होते. कातड्याला कीड लागू नये म्हणून तो आतून सोमल, ते पांढरं जहर, चोळायचा. मला म्हणायचा, "तू लाकडाला हात लाव, माझ्या मालाला लावू नकोस." तिथल्या जुन्या पक्ष्यांना तेच लावलेलं असणार. ती पांढरी पूड तीच. आणि माझी भाची ते पक्षी दिवसातून साठ वेळा ओठाला लावते आहे, बाई. तसं करायला मी शिकवलं. अंगणात पडलेल्या ताज्या पक्ष्यांवर शिकवलं, त्यांना कोणी काही चोळलेलं नसायचं. तिनं मला पुडीबद्दल लिहिलं होतं, दारावरच्या चिठ्ठीबद्दल लिहिलं होतं. पोपट ठणठणीत आहे हेही लिहिलं होतं. मी ते सगळं वाचलं आणि दुसऱ्याच चोचीचा शब्द शोधत बसलो.

आता लाजेचं. तिनं तुमच्याकडचं जेवण सोडलं ते माझ्या सांगण्यावरून. तुम्ही तिला विष घालता असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. तुमच्या घरापासून वाचवायला म्हणून मी तिला दिवसभर त्या खोलीत बसवलं, तिथेच जेवायला लावलं. तुमच्या ताटापाशी ती राहिली असती तर आज एवढी वाईट अवस्था झाली नसती.

मला हवं ते बोला. पण आधी तिला तिथून काढा. तिचे हात, तोंड धुवा, कपडे बदला. ती तुम्हाला घाबरेल, ओरडेल. तिचं ऐकू नका.

तिचा मामा


७ सप्टेंबर

भाऊ,

तुमची तार आली तेव्हा मी पोपटाचा पिंजरा धूत होते. तशीच ओल्या हातानं निघाले. रखवालदार आत सोडेना. मी म्हटलं, "बाजूला हो, नाहीतर इथेच तुझ्या नावानं बोंब मारते." तो बाजूला झाला.

ती टेबलापाशी बसली होती, एक छोटा पक्षी ओठाला लावून. डोळे मिटलेले. मी हाक मारली तरी कळलं नाही. मी तो पक्षी तिच्या हातातून काढून खणात टाकला आणि तिला उठवायला गेले तर ती किंचाळली. तुम्ही म्हणालात तशीच. ते उंच साहेब धावत आले. मी त्यांना म्हटलं, "सोमल, सोमल! हे पक्षी सोमलाचे आहेत ना?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "जुन्या मालाला लावत असत, हो, पण ती ते खाते थोडीच?" मी ओठाचं सांगितलं. मग त्यांनीच तिला उचलून गाडीत घातली.

डॉक्टरांनी लघवी तपासली आणि तुमचं म्हणणं खरं निघालं. सुया चालू आहेत. दोन दिवस काही खरं नव्हतं. जगेल म्हणतात आता. हातापायांचं आणि ओठांचं काय होईल ते सांगत नाहीत, मी दोनदा विचारलं.

चार दिवस तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. नर्सनं पाजलं. मी बाहेर बाकावर बसून राहायचे. मग तुमचं पत्र आलं, ते मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, माझ्याबद्दलचं सगळं, एक शब्द न गाळता. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बाई, पाणी." तापात ती कुणा घारबाईला शिव्या देत होती. ती मीच ना? नाक माझं आहेच तसं, राग नाही.

आता माझं ऐका. आधीच्या त्या माणसाची वही मीही वाचली होती. तो माझ्या घरात खंगत गेला. त्याचा भाऊ त्याला घेऊन गेला आणि महिन्यानं तो वारल्याचं कळलं. "बाईंचं दूध प्यायल्यावर." भाऊ, दोन वर्षं मी ते वाक्य घेऊन जगतेय. भांडी बदलली, दूधवाला बदलला, टाकी तीनदा घासून घेतली. वरची खोली रिकामी ठेवली होती. मग ही आली, एकटी, दुसरीकडे कुठे जागा मिळत नव्हती. तिला ठेवून घेतली आणि रोज दारात उभी राहिले, हिला तरी काही होत नाही ना बघायला. आणि तिलाही तसंच व्हायला लागलं. मला वाटलं, माझ्या हातातच काहीतरी आहे.

तुमचं पत्र वाचताना मला एकदम त्याचं चिठ्ठ्या बांधणं आठवलं. दोरा तोंडात ओला करायचा, मग गाठ मारायची. घरी सदऱ्याची गुंडी लावतानाही तेच. त्याच पक्ष्यांवरून येऊन तेच दोरे तोंडात. मी बाकावर बसून खूप रडले.

तुम्ही माफी मागितलीत. तुमच्या चुकीचा हिशेब तुम्ही आणि ती करा. मला तुम्ही माझं स्वयंपाकघर परत दिलंत.

तिची घरमालकीण


१३ सप्टेंबर

टिटवे,

बाई तुला हे वाचून दाखवतील.

एकच सांगायचंय. चोच ओठाला लावायची सवय मला का लागली ते मी तुला कधी सांगितलं नाही. छिन्नीनं माझ्या बोटांची कातडी राठ झाली होती, त्यांना बारीक काही कळायचंच नाही. म्हणून मी ओठ वापरायचो. तुझी बोटं कोवळी होती. त्यांना सगळं कळलं असतं. तुला ओठाची गरजच नव्हती आणि मी माझी अडचण तुला विद्या म्हणून दिली.

रात्री झोप येत नाही हे तुला सांगून उपयोग नाही. शब्दांचं मी बंद केलंय. राग आला असेल तर लिही. नसेल आला तरी लिही. तुझं अक्षर दिसेपर्यंत मी असाच पडून आहे, पाय बरा झाला तरी उठून काय करायचं ते मला कळत नाही.

मामा


२४ ऑक्टोबर

मामा,

हे मी लिहितेय, बाई नाहीत. म्हणून अक्षर मुंग्यांसारखं. चार ओळींना अर्धा दिवस लागतो, सकाळपासून बसलेय.

राग आला होता. पंधरा दिवस आला होता. मग बाई म्हणाल्या, "दोन वर्षं कोणी माझ्यावर रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं." त्यावर मी बराच विचार केला. तू उठून चालायला लाग.

करकोचे येऊन गेले. सगळी कपाटं बंद केलीत, दारावर नवी पाटी लावलीय, मोठ्या अक्षरात. नोकरीचं ते आपणहून बोलले, बरी झालीस की ये, कार्डं हातमोजे घालून भिंगाखाली पूर्ण करू. तुझे शब्द तसेच ठेवलेत. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "ओठाला लावाल हे मला स्वप्नातही आलं नसतं." मला परत तिथे जायची भीती वाटते. अजून तरी वाटते. खण ओढल्याचा आवाज झोपेत येतो.

पायांना जमीन थोडी थोडी कळते. ओठ मेलेलेच आहेत, चहा गरम आहे का ते बाईंना विचारते. बोटांचं डॉक्टर म्हणायचे, वाट बघा.

आज सकाळी मी खाली बसले होते. बाई माझ्यासाठी दूध तापवत होत्या आणि मी पोपटाच्या पिंजऱ्यावर हात टेकला होता, विसरून. त्यानं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला आकडी लावली आणि आवळली. मामा, लागलं. खालच्या चोचीची कड वेगळी लागली, वरचं टोक वेगळं लागलं. मी ओरडले, तुझ्या टिटवीसारखी, सगळं घर डोक्यावर घेऊन. रक्त आलं. मी हसत होते आणि रडत होते. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं दुखतंय म्हणून रडतेय, त्या पोपटाला मारायलाच निघाल्या. मी त्यांना अडवलं आणि पिंजऱ्यात दुसरं बोट घातलं.

त्यानं तेही आवळलं, पण त्या बोटाला काही कळलं नाही. पहिलं मात्र अजून ठणकतंय.

टिटवी